एकुलता एक वाचक

"यातली तळटीप तर मी पुन्हा पुन्हा वाचली," समोरचे गृहस्थ म्हणाले, आणि मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

वर्ग नुकताच सुटला होता. स्टाफरूमच्या दारात पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, कपाळावर बारीक गंध असे पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आमच्या कॉलेजच्या 'विधिचर्चा' या संशोधनपत्रिकेचा अंक. अंकातून वहीच्या कागदाच्या खुणा बाहेर डोकावत होत्या, आणि त्या सगळ्या माझ्या लेखात होत्या.

हे किती अघटित होतं ते कायदा शिकवणाऱ्यालाच कळेल. आम्ही शोधनिबंध लिहायचो, कारण त्याशिवाय बढती मिळत नसे. पत्रिका छापली जायची, कारण भाकरे सर तिचे संपादक होते आणि माणूस हट्टी होता. अंक इतर कॉलेजांना पाठवायचे, त्यांचे अंक आमच्याकडे यायचे, आणि दोन्हीकडे गठ्ठ्यांची सुतळी कुणी सोडायचं नाही. उरलेले गठ्ठे जिन्याखाली पडून असत. अमरावतीच्या त्या कॉलेजात मी इतकी वर्षं शिकवत होते, पण माझं लिखाण कुणी वाचल्याचं ऐकलं नव्हतं. आमच्या घरच्यांनीसुद्धा नाही.

"बसा ना," मी म्हटलं. आवाजात नको इतका आनंद उतरला असणार.

"मी दिगंबर पाचघरे. मोर्शीच्या पुढं पिंपळखेड्याला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. कायद्यातलं मला काही समजत नाही जी, पण वाचायची आवड. एका वकिलाच्या टेबलावर हा अंक पाहिला न मागूनच घेतला."

माझा लेख होता बेपत्ता माणसांवर. माणूस सात वर्षं बेपत्ता असेल आणि ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांना ती लागली नसेल, तर कायदा तो मेला असं धरून चालतो. तो जिवंत आहे असं ज्याला म्हणायचं असेल, त्यानं ते सिद्ध करायचं. मी लेखात दाखवलं होतं की यात एक भोक आहे. घरच्यांनीच कान बंद करून घेतले, आलेली पत्रं न उघडता परत धाडली, तर 'आम्हाला खबर लागली नाही' असं त्यांना म्हणता येईल का? कायदा यावर गप्प आहे. भाकरे सरांच्या मते हा मुद्दा मुख्य लेखात बसत नव्हता, म्हणून तो तळटिपेत गेला होता. पाचघऱ्यांना आवडलेली तळटीप ती हीच.

"एक प्रश्न आहे, जी. तुमच्याच पद्धतीनं मांडतो," ते म्हणाले. "क घर सोडून जाते. ख तिचा भाऊ, तो घरीच राहतो. ख नं क ला शोधायला पाहिजे का?"

आमच्या धंद्यात माणसांना नावं नसतात. क ख ला विष घालतो, ग ते पाहतो, घ ग ला लाच देतो, आणि मग मुलांनी सांगायचं की कोण कोणत्या कलमाखाली दोषी. इतकी वर्षं मी फळ्यावर माणसं मारत आले होते आणि खडूचे हात झटकून चहाला जात होते. त्यामुळे पाचघऱ्यांची ही भाषा मला घरच्यासारखी वाटली.

"कायदा शोधायला सांगत नाही," मी म्हटलं.

"क दर वर्षी ख ला राखी पाठवते. ख ती घेतच नाही. पाकीट तसंच परत जातं."

"तेच तर भोक!" मी टेबलावर हात आपटला. "ख म्हणू शकतो की मी ऐकलंच नाही."

"वा," पाचघरे हळूच म्हणाले. जाताना संत्री ठेवून गेले. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या संत्र्यांची, पहिली तोड होती, गोड निघाली.

पुढच्या खेपेला ते थेट भाकरे सरांच्या टेबलाशी बसले. पुढचा अंक दोन महिने छापखान्यात अडला होता, कॉलेजकडून पैसे सुटत नव्हते. पाचघऱ्यांनी तो खर्च उचलायची तयारी दाखवली. मागणी एकच होती, की त्या तळटिपेचा मी पुरा लेख करावा आणि तो याच अंकात यावा.

"म्हणजे आमच्या वकिलाला कोर्टात दाखवायला बरं," ते म्हणाले.

"वाचक असावा तर असा!" भाकरे सर उजळून निघाले. जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. आधार दिल्याशिवाय ते स्वल्पविरामही छापायचे नाहीत, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. "शैलाबाई, लिहूनच टाका."

"अजून एक, जी," पाचघरे माझ्याकडे वळले. "समजा कोर्टानं क ला मेलेली धरली, आणि मग क परत आली?"

"मग संपलंच. जिवंत माणसासमोर कसलं अनुमान टिकतंय? क चं सगळं क ला परत."

"आणि क परत आलीच नाही तर?"

"तर प्रश्नच उद्भवत नाही."

"प्रश्नच उद्भवत नाही," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. मग पिशवीची घडी घालता घालता, जणू सहज आठवलं म्हणून, बोलले, "क ला हिवाळ्यात दम लागतो. फार चालवत नाही तिच्यानं."

ते गेले. मी संत्रं सोलायला घेतलं, पण फोड तोंडात टाकवेना. आम्ही प्रश्न काढतो तेव्हा त्यात निकालाला लागेल तेवढीच माहिती असते. क लंगडा असेल, तर त्याच्या लंगडण्यानं पुढे काहीतरी ठरणार असतं. दम्यानं इथे काहीच ठरत नव्हतं. मग क ला दमा कशाला?

पण मी लेख लिहायला बसले. भाषा झरझर येत होती आणि वाचक वाट पाहत होता. त्यांच्या वकिलाला कोर्टात तो कशाला हवा, हे मी विचारलंही नाही. दम्याचं मी असं समजून घेतलं की गृहस्थ हौशी आहेत, प्रश्न सजवतात. मला तो प्रश्न इतका आवडला की दोन आठवड्यांनी एका शुक्रवारी मी तो, पाचघऱ्यांनी बोलता बोलता पुरवलेल्या तपशिलांसकट, होता तसा वर्गात घातला. क, विधवा, मूलबाळ नाही. वडिलांच्या मागे बगीचा बहीणभावाच्या दोघांच्या नावावर. क नं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ख नं संबंध तोडले, त्याला सात वर्षं उलटून गेली. क दर वर्षी राखी पाठवते, ख परत करतो. मुलांना चकवायला बरा म्हणून दमाही ठेवला. क ला मृत मानता येईल का?

सकाळचं कॉलेज. वर्गात नोकरदार मंडळी बरीच असत. दोघंतिघं हिरीरीनं भांडली, आणि मग मागच्या बाकावरून रेखा धांडे उभी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, माझ्याच वयाची, कधी न बोलणारी.

"मॅडम, क जिवंत आहे."

"सिद्ध करा," मी म्हटलं. वर्ग हसला.

"सिद्ध काय करायचं त्यात? परतवाड्याला राहते, शिवणक्लास घेते. कुमुदताई बेलसरे. माहेरची पाचघरे, आमच्या पिंपळखेड्याची." तिनं गोंधळून फळ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिचंच सांगून राहिल्या न?"

वर्ग अजून हसतच होता. मी फळा पुसायला वळले, कारण माझा चेहरा कुणाला दिसायला नको होता. 'क' वरून डस्टर फिरवताना माझा हात थांबला. मग मी फळा तसाच ठेवून वर्ग सोडला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी रेखाला घेऊन मी परतवाड्याची एसटी धरली. रस्ताभर मनाला समजावत होते की भावाला फक्त जमीन हवी आहे. वाईट आहे, पण जगात असले भाऊ पैशाला पासरी पडलेत. आपण बाईला सावध करू, ती कोर्टात उभी राहील, संपलं. जिवंत माणसासमोर काही टिकत नाही, असं मीच तर त्याला सांगितलं होतं.

आणि ती परत आलीच नाही तर काय, तेही. मीच त्याला सांगितलं होतं.

कुमुदताईंची खोली एका चाळीच्या टोकाला होती. दार उघडं होतं. शिवणयंत्रावर चादर टाकून सुतळीनं बांधलेली, भांडी पोत्यात, मधोमध एक ट्रंक. किरकोळ अंगाची, पंचेचाळिशीची बाई ट्रंकेत पातळं रचत होती. घडी घालताना मध्येच थांबून दम खात होती.

"रेखा तू? ये न बाई!" ती हसली. "बरं झालं आली. सोमवारी आली असती तर मी भेटलीच नसती."

"कुठं निघाली ताई?"

"दादा आला होता." तिला ते सांगायची इतकी घाई झाली होती की मी कोण हेही विचारायचं राहिलं. "एवढ्या वर्षांनी दारात उभा! माझ्या हातचा चहा पिला. म्हणे कुमुद, झालं गेलं विसर, घरी चल. बगीच्यात विहिरीपाशी माझ्यासाठी खोली बांधली त्यानं. उन्हाला बसायला ओटा. म्हणे तुला दम लागते, वाड्याच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. सोमवारी दुपारी जीप घेऊन येते."

"कधी आला होता?" मी विचारलं.

"मागच्याच आठवड्यात."

म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही, असं मी म्हटल्यानंतर.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"कोणाला नाही. दादा म्हणे गावात तोंडं फार, आधीच बोभाटा नको. इथल्या मालकालाही मी फक्त खोली सोडते म्हटलं, कुठं ते नाही."

रेखा भिंतीला टेकली होती. तिचा चेहरा उतरला होता. मग मीच बोलले. मी कोण, तिचा भाऊ माझ्याकडे कशासाठी आला, काय काय विचारून गेला, सगळं सांगितलं. सांगताना मला जाणवत होतं की माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त दोन अक्षरं आहेत.

कुमुदताईंनी हातातलं पातळ ट्रंकेत ठेवलं. "ख म्हणजे माझा दादा?"

"हो."

"आणि मी मेलेली?"

"कागदावर. आता कदाचित..." मला पुढचं बोलवेना.

"तुमच्या पुस्तकातल्या माणसांना भाऊ नसतात काय हो?" तिचा आवाज चढला. "राखी परत आली की दर वर्षी मी रडली. आता त्यानं स्वतः हात पुढं केला, तर तुम्ही कोण कुठच्या येता आणि..." तिला धाप लागली. ती ट्रंकेच्या कडेला धरून बसली. रेखा पाणी घेऊन धावली, तिनं तेही ढकललं. "जा तुम्ही. माझ्या घरात असं अभद्र बोलू नका."

आम्ही बाहेर आलो. स्टँडवर आल्यावर रेखानं मला बाजूला घेतलं.

"मॅडम," ती मग म्हणाली, "माझा भाऊ परवापर्यंत त्या बगीच्यात तोडणीला होता. तिथं विहीर आहे. खोली नाही."

पोलिसांत जायचं तर काय सांगणार? एका सभ्य गृहस्थानं प्राध्यापिकेला प्रश्न विचारला? भाऊ बहिणीला माहेरी नेतो आहे? नुसत्या मनात आणण्याला शिक्षा नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवत होते. तरी आम्ही चौकीवर गेलो. तिथल्या जमादारानं कुमुदताईंना बोलावून विचारलं. त्यांनी रागानं आम्हा दोघींनाही ओळखत नसल्याचं सांगितलं आणि जमादारानं आम्हालाच दम दिला.

रविवारी सकाळी भाकरे सर छापखान्यात माझ्याच लेखाची प्रुफं तपासत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

"लेख मागे घ्या," ते म्हणाले. "अंक गेला खड्ड्यात."

"लेख मागे घेऊन काय होणार, सर? त्याला हवं होतं ते तो ऐकून बसलाय. लेख छापायचाच. फक्त एक तळटीप वाढवायची."

मी कागद पुढे केला. सरांनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळावर नेहमीची आठी पडली.

"शोधनिबंधात खऱ्या माणसाचं नाव? हे काय वर्तमानपत्र आहे, शैलाबाई? आणि याला आधार काय?"

"मी स्वतः तिला पाहिलंय. तिच्या दारात उभी राहून."

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मागे छपाईचे खिळे जुळवणाऱ्याची टकटक चालू होती. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली.

"मग तसं लिहा ना," ते करवादले. "समक्ष भेट, ठिकाण, तारीख, सोबत कोण होतं. आधाराशिवाय तळटीप मी छापत नाही, माहीत आहे तुम्हाला." आणि शेवटी आपल्या बारीक अक्षरात त्यांनी एक वाक्य स्वतःचं वाढवलं. संध्याकाळपर्यंत तेवढं पान छापून, बांधून त्यांनी अंकाची पहिली प्रत माझ्या हातात ठेवली.

सोमवारी सकाळी पाचघरे अंक न्यायला आले. सोमवारी या बाजूला काम आहे, जाता जाता घेऊन जातो, असं ते आधीच सांगून गेले होते. जीप फाटकाबाहेर उभी होती. तिच्या मागच्या बाकावर नवी कोरी सतरंजी अंथरलेली मला खिडकीतून दिसली. भाकरे सर आपल्या टेबलाशी मान खाली घालून कागदावर नुसती पेन्सिल फिरवत होते. काही लिहीत नव्हते.

"झाला का अंक? वा, वा." पाचघरे खुर्चीत बसले. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी पानं उलटली. वरचा मजकूर सोडून त्यांची नजर थेट पानाच्या तळाशी गेली. तिथे बारीक टायपात छापलं होतं:

'या लेखातील क म्हणजे श्रीमती कुमुद बेलसरे, माहेरच्या पाचघरे, राहणार परतवाडा. प्रस्तुत लेखिका त्यांना गेल्या शनिवारी सौ. रेखा धांडे यांच्यासमवेत समक्ष भेटली असून त्या हयात आहेत. त्यांचे बंधू श्री. दिगंबर पाचघरे हे त्यांना सोमवारी जीपने पिंपळखेड्याच्या बगीच्यात विहिरीजवळच्या खोलीत राहावयास नेणार आहेत, असे त्यांनी सांगितले. अशी खोली तेथे नाही.'

शेवटचं वाक्य भाकरे सरांचं.

पाचघऱ्यांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही, आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची खरी भीती वाटली. संतापला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी अंक मिटला आणि त्यावर तळहात ठेवला.

"मॅडम," ते अगदी अदबीनं म्हणाले, "तुमचा हा अंक वाचतं कोण?"

बाहेर तासाची घंटा झाली. जिन्यावरून मुलं धडधडत उतरली. त्यांचा गलका संपेपर्यंत मी थांबले, कारण माझा आवाज मला ऐकू यायला हवा होता.

"तुम्ही वाचता ना," मी म्हटलं. "तेवढं पुरे आहे."

ते उठले, अंक काखेत मारला, भाकरे सरांना नमस्कार केला आणि गेले. आम्ही दोघं खिडकीशी धावलो. जीप फाटकापासून निघाली आणि चौकात थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मग ती मोर्शीच्या रस्त्याला लागली. परतवाड्याचा रस्ता उलट्या बाजूला होता.

भाकरे सर परत आपल्या टेबलाशी जाऊन बसले. अंकाचे पैसे अर्थातच आले नाहीत, ते त्यांनी पगारातून भरले. विचारलं की म्हणायचे, अंक वेळेवर निघायला हवा. आता ते नाहीत.

कुमुदताई त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ट्रंकेवर बसून होती, असं रेखानं सांगितलं. दादा आला नाही. तिनं पोत्यातली भांडी पुन्हा फळीवर लावली आणि शिवणयंत्रावरची सुतळी सोडली. पुढच्या राखीपौर्णिमेला राखी पाठवली, ती न उघडता परत आली. बगीच्यातला वाटा रेखानं वकील झाल्यावर तिला मिळवून दिला. तो तिनं घेतला, पण माझं नाव काढलं की ती उठून आत जायची.

बऱ्याच वर्षांनी रेखाच्या मुलीच्या लग्नात ती मला समोरासमोर भेटली. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"तुम्हीच न त्या?"

"हो."

"माझा दादा न्यायला येत होता मला."

"हो."

"तुमच्यामुळं आला नाही तो."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती आणखी काही बोलणार होती, पण मांडवाच्या दोन पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली. डोळे माझ्यावर रोखलेले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सनई जोरात चालू होती, तरी मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती वळून निघून जाईपर्यंत मी तो ऐकत उभी राहिले.